गादी घ्यायचीय : कमरेला बरी आणि आमच्या पावसात टिकणारी

वाळवंटीकाठ | ११ मे, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी, गादीबद्दल सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, कारण पाऊस लागायच्या आत हे काम उरकायचंय.

आम्ही गोव्यात, डिचोली तालुक्यात, घर जुनं, चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं. मिस्टर रोज वेर्ण्याला कामाला जातात, म्हणजे जाऊन येऊन तीन तास गाडीत, आणि गेलं वर्षभर सकाळी उठताना कंबर धरलेली असते. अर्धा तास वाकून चालतात मग हळूहळू मोकळी होते. आत्ताची फोमची गादी तीन वर्षांची, पाच वर्षांची वॉरंटी म्हणून घेतलेली, तिला त्यांच्या बाजूला एवढा खड्डा पडलाय की मी रात्री घरंगळत तिकडे जाते. आणि काल चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) करायची ती साफसफाई यंदा मेमध्येच काढली म्हणून गादी उचलली तर खालच्या बाजूला काळे ठिपके, बुरशी, अख्ख्या मधल्या भागात. तीन वर्षं आम्ही त्याच्यावर झोपतोय. मला रात्री झोपच लागली नाही.

तर प्रश्न असा की स्प्रिंग घ्यावी, लॅटेक्स घ्यावी, काथ्याची घ्यावी की मेमरी फोम? दुकानदार प्रत्येक जण वेगळं सांगतो. म्हापशात एकाने ‘ऑर्थो’ घ्या म्हटलं, मडगावात दुसऱ्याने सांगितलं ऑर्थो नको स्प्रिंग घ्या. बजेट वीस हजारापर्यंत. पलंग सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा शिसवी आहे, तो बदलणार नाही, त्याचं माप ७४ बाय ५८ इंच, म्हणजे तयार साईझ बसत नाही.

चिरेबंदी | ११ मे, रात्री ११.१५

वाळवंटीकाठ ताई, गादीचं नंतर बघू, आधी हे सांगा की गादीच्या खाली काय आहे? सलग प्लाय आहे का पट्ट्या आहेत? पलंग भिंतीला चिकटून आहे का? बुरशी नेहमी खालून लागते. आमच्याकडे पर्रा गावच्या घरात दोन गाद्या अशाच गेल्या, तिसरी घेतली आणि पलंग भिंतीपासून वीतभर ओढून खाली हवा खेळती केली, ती आज सातव्या वर्षी धडधाकट आहे. गादी तीच होती हां, त्याच कंपनीची, त्याच किमतीची.

काजूबी | १२ मे, सकाळी ७.०५

माझं मत सरळ आहे, कापसाची गादी करून घ्या. आमच्या लहानपणी मे महिन्यात पिंजारी यायचा, खांद्यावर ते धनुष्यासारखं पिंजण, तारेचा तो आवाज आला की आम्ही पोरं धावत अंगणात. गादी उसवायची, कापूस पिंजायचा, उन्हात पसरायचा आणि संध्याकाळपर्यंत परत भरून टाके घालून तयार. उशांना सावरीचा कापूस, तो आमच्याच भाटातल्या झाडाचा. एक गादी आजीने चाळीस वर्षं वापरली, कापूस तोच, फक्त खोळ बदलायची. आता पिंजारी दारावर येत नाही पण मशीनवर पिंजून देणारी दुकानं अजून आहेत. सिंगल गादीला आमच्याकडे दहा किलो कापूस लागला होता.

कापूस घाम पितो आणि उन्हात टाकला की सोडतो. फोम हे करत नाही.

वाळवंटीकाठ | १२ मे, सकाळी ९.३०

चिरेबंदी, खाली सलग प्लाय आहे, पाच वर्षांपूर्वी जुन्या पट्ट्या वाळवीने खाल्ल्या म्हणून मेस्ताने (सुताराने) प्लाय ठोकून दिला. आणि पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली आहे, ती भिंत पावसात दमट असते, हात लावला तरी कळतं. म्हणजे तुमचं बरोबर वाटतंय.

काजूबी ताई, कापसाची कल्पना मला आवडते पण दोन महिन्यांत गुठळ्या होतात आणि एवढी जड गादी दर आठवड्याला बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) कोण नेणार, मिस्टरांना तर वाकताच येत नाही.

गादीवाला_फोंडा | १२ मे, दुपारी २.२०

नमस्कार, मी गाद्यांच्या धंद्यात अकरा वर्षं काढली, आधी दुकानात, मग गाद्या बनवणाऱ्या छोट्या युनिटमध्ये. आता धंदा सोडला म्हणून मोकळेपणाने लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, ‘ऑर्थो’ हा शब्द विसरा. तो छापायला कुठली ठरलेली कसोटी पास व्हावी लागत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच की आत एक कडक थर आहे, आणि तो थर बऱ्याचदा रीबॉन्डेड फोमचा असतो, म्हणजे फोमच्या कातरणाचे तुकडे गोंदाने दाबून केलेला ठोकळा. रीबॉन्डेड वाईट नाही, खालचा आधार म्हणून चांगला टिकतो, पण तोच गादीभर असेल तर झोपायला पाटासारखा.

दुसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट डेन्सिटी. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटरला ४० किलो, बास. कडकपणा वेगळा. मऊ फोमही जास्त डेन्सिटीचा असू शकतो आणि कडक फोमही हलका असू शकतो, हलक्या फोममध्ये हवा जास्त आणि माल कमी, तो पहिल्या दिवशी दुकानात एकदम छान टणक लागतो आणि दीड-दोन वर्षांत बसतो. ताई, तुमचा खड्डा बहुतेक त्याच जातीचा. रोज झोपायच्या गादीला ३२ च्या खाली जाऊच नका, ऐंशी किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला ४० घ्या.

आणि हे तपासता येतं, त्याला कुठलं मशीन लागत नाही. वजनकाटा लागतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, सगळं इंचात, त्याला ६१,०२४ ने भागा, घनमीटर येतात. त्याला डेन्सिटीने गुणा, किलो आले. तुमचं ७४ बाय ५८ आणि जाडी ६ इंच धरली तर ०.४२ घनमीटर. ४० डेन्सिटी असेल तर नुसता फोम १७ किलोच्या जवळपास भरला पाहिजे, ३२ असेल तर साडेतेरा. खोळीचे दीड-दोन किलो वेगळे. दुकानदाराला सांगा काट्यावर ठेव. जो ठेवायला तयार होत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एकेका प्रकाराबद्दल :

काथ्याची म्हणजे रबराइज्ड कॉयर, नारळाच्या सोडणाच्या काथ्यावर रबराचं दूध फवारून शीट करतात. हवा खेळते, स्वस्त, उष्ण होत नाही. पण ती दबते आणि दबली की परत वर येत नाही, चार-पाच वर्षं धरा. कंबर दुखणाऱ्याला नुसती काथ्याची नको, वर दोन इंच मऊ थर हवा.

मेमरी फोम, याच्या जाहिरातीत नासाचं नाव येतं आणि ते खरं आहे, १९६६ च्या सुमारास नासासाठी विमानाच्या सीटचं काम करताना तो निघाला. पण तो अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि उष्णता धरून ठेवतो. एसीच्या खोलीत सुरेख. कौलारू घरात पंख्याखाली एप्रिल-मेमध्ये त्याच्यावर झोपून बघा, पाठ भिजते.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, त्याला आरपार भोकं असतात, लवचीक, जड, टिकाऊ, महाग. चांगल्या लॅटेक्सची डेन्सिटी ७५-८० च्या घरात असते. पूर्ण लॅटेक्स तुमच्या बजेटात बसणार नाही, पण वरचा दोन इंचाचा थर बसेल.

ब्रँड विचाराल तर, कर्लॉन मूळची मणिपालच्या पै मंडळींची, १९६२ पासूनची, आणि २०२३ मध्ये ती स्लीपवेलवाल्या शीला फोमने घेतली, म्हणजे दुकानात दोन बोर्डं दिसतात तरी घर आता एकच. म्हणून मी ब्रँडपेक्षा आतला थर कुठला, किती इंच, किती डेन्सिटी हे बिलावर लिहून घ्यायला सांगतो. बिलावर. तोंडी नको.

बोगमाळो | १२ मे, दुपारी ४.०१

स्प्रिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. पॉकेट स्प्रिंगची चांगली महागातली घेतली, झोपायला स्वर्ग, दोघांपैकी एक हलला तर दुसऱ्याला पत्ता नाही. चौथ्या पावसानंतर करकर सुरू झाली, कडेला एक तार वर आली, खोळ फाडून बघितलं तर कडेच्या स्प्रिंगा गंजून तांबड्या. खारा वारा कुठे शिरायचं सोडत नाही, आमच्या खिडकीच्या बिजागऱ्याही दोन वर्षांत जातात. डिचोली आत आहे, तिथे एवढं होणार नाही कदाचित, पण किनाऱ्याकडची मंडळी वाचत असतील तर विचार करून घ्या.

सत्तरीचो | १२ मे, रात्री ८.४८

मी म्हणतो गादीच कशाला पाहिजे. आमचे आजोबा ऐंशी वर्षांचे होईपर्यंत शेणाने सारवलेल्या जमिनीवर चटईवर झोपले, कंबर कधी दुखली नाही. जमिनीवर झोपा, महिन्याभरात कंबर सरळ. बाकी सगळा धंदा आहे.

फिजिओ_पर्वरी | १२ मे, रात्री ९.३५

सत्तरीचो दादा, मला तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे पण ते दिवसभर शेतात वाकत-उठत होते, त्यांच्या पाठीचे स्नायू आणि तीन तास गाडीत बसणाऱ्याचे स्नायू एक नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कंबर धरून येणारे पेशंट रोज बघते आणि त्यातले कितीतरी ‘जमिनीवर झोपा’ हा सल्ला ऐकून जास्त आखडून आलेले असतात.

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात स्पेनमधला एक प्रयोग आला होता, जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, निम्म्यांना कडक गादी दिली आणि निम्म्यांना मध्यम कडक, कोणाला कुठली ते त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडकवाल्यांचं दुखणं आणि दिवसभराचा त्रास कडकवाल्यांपेक्षा जास्त कमी झालेला होता. तेव्हापासून आम्ही ‘जेवढी कडक तेवढी बरी’ असं सांगत नाही.

कारण समजून घ्या. उताणं झोपलात तर कमरेचा बाक आणि गादी यात पोकळी राहता कामा नये. कुशीवर झोपलात तर खांदा आणि नितंब थोडे आत रुतले पाहिजेत, म्हणजे मणका सरळ रेषेत राहतो. फार कडक गादीवर खांदा रुतत नाही, मणका वाकतो. फार मऊवर नितंब खाली जातात, तरी वाकतो. दुकानात बसून, हाताने दाबून काही कळत नाही. चपला काढा, आपण झोपतो त्याच अंगावर पंधरा मिनिटं पडा, आपली उशी घेऊन जा, लाजू नका. नवरा-बायको दोघांनी एकदम पडा. सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसते का.

आणि एक मनापासून, ताई. पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लटका पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं यातलं काहीही असेल तर गादी राहू दे, आधी डॉक्टर. लघवीचं लक्षण असेल तर त्याच दिवशी. तसं नसेल तर गादी बदलून फरक पडेल, पण तीन तासांच्या प्रवासाचंही काहीतरी करा, कमरेमागे गुंडाळलेला टॉवेल आणि वाटेत एकदा उतरून पाच मिनिटं चालणं.

सत्तरीचो | १२ मे, रात्री १०.१०

ताई तुमचं म्हणणं पटलं. आजोबा दिवसभर कुळागरात असायचे हे खरं. मी स्वतः जमिनीवरच झोपतो आणि मला सोसतं, एवढंच म्हणतो.

वाळवंटीकाठ | १३ मे, सकाळी ६.५०

देव बरें करूं तुम्हा सगळ्यांचं, मी रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं. मुंग्या वगैरे काही नाही, फक्त सकाळचं आखडणं. ते ८२ किलो, उताणे झोपतात, मी ५८, कुशीवर. जमिनीचा विचार आम्हीही केला होता पण ओल खालून येते आणि सासरे आता जमिनीवरून उठू शकत नाहीत, त्यांचीही गादी पुढेमागे बदलायचीच आहे.

दोघांचं वजन आणि झोपण्याची तऱ्हा एवढी वेगळी असेल तर एकच गादी दोघांना कशी चालायची?

गादीवाला_फोंडा | १३ मे, सकाळी ११.२२

चालते. खाली चार इंच ४० डेन्सिटीचा फोम, तो तुमच्या मिस्टरांचं वजन पेलेल, वर दोन इंच लॅटेक्स, त्यात तुमचा खांदा रुतेल. दोन्ही थर एकमेकांना चिकटवू नका म्हणून सांगा, चेनच्या खोळीत सुटे ठेवा. त्याचे तीन फायदे, सुटे थर एकेक उचलता येतात, वाऱ्याला लावता येतात आणि सात-आठ वर्षांनी खालचा बसला तर तेवढाच बदलता येतो. ऑर्डरने माप कापून देतात, ७४ बाय ५८ काही अडचण नाही, अर्धा इंच कमी कापायला सांगा, घट्ट कोंबलेली गादी कडेला हवा घेत नाही.

पण प्लाय काढा. प्लाय तसाच ठेवून वर पन्नास हजारांची गादी घातलीत तरी पुढच्या तीन पावसांत परत हाच धागा काढाल. झोपेत माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी जातं, त्यातलं त्वचेचं बरंचसं गादीत उतरतं, खाली वाट नसेल तर प्लायवर थांबतं. वरून दमट हवा, खालून थंड प्लाय, अंधार. बुरशीला आणखी काय पाहिजे.

चिरेबंदी | १३ मे, दुपारी १२.४०

+१. पट्ट्या तीन इंच रुंद, मध्ये दोन इंच फट, त्यापेक्षा जास्त फट ठेवली तर फोम फटीत उतरतो. आणि ५८ इंच रुंदी म्हणजे मधून एक उभा दांडा आणि त्याला खाली एक पाय हवाच, नाहीतर पट्ट्या मध्ये झोळ देतात आणि तो झोळ गादीचा म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो. आमच्या मेस्ताने फणसाच्या लाकडाच्या केल्या. लाकूड सुकलेलं घ्या आणि वाळवीचं औषध आधी लावून चांगलं वाळू द्या.

लगेच मेस्त मिळत नसेल तर तोवर प्लायला दीड इंचाची भोकं पाडून घ्या, वीतभर अंतरावर एकेक. तेवढ्यानेही बराच फरक पडतो. हायड्रॉलिक बॉक्सचे पलंग असतात ना, खाली सामान भरायचे, त्यांच्यातही हेच करा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोन तास झाकण उघडं ठेवा.

अबोली | १३ मे, दुपारी ३.३३

वाळवंटीकाठ, एक चूक मी केली ती तू करू नकोस गो. आपल्याला सवय असते ना, मे महिना आला की पापड, मिरच्या, सोलां, गाद्या सगळं उन्हात. मी नवी लॅटेक्सची गादी खोळ काढून सबंध दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवली, दोन वर्षं ओळीने. पिवळी पडली, वरचा थर पावासारखा कुसकरायला लागला, हाताला भुगा. मग कळलं की लॅटेक्सला ऊन चालत नाही, ऊन आणि उष्णता रबराला खाते. फोमचंही तसंच, तोही उन्हाने पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. उन्हात घालायचा तो कापूस. लॅटेक्स आणि फोम सावलीत, वाऱ्यावर, उभे करून. खोळ मात्र उन्हात चांगली तापव.

बाल्कांवात सोप्यावर (तिथल्या बाकावर) आडवी टेकवून ठेवते मी आता, पंखा लावून.

काजूबी | १३ मे, दुपारी ४.१५

म्हणूनच म्हणते कापूस. असो, तिच्या घरी वाकायला कोणी नाही हे मान्य. पण उशा तरी सावरीच्या कर गो बाये, त्या हलक्या असतात, उचलायला काही नाही.

म्हादईचें_पाणी | १३ मे, रात्री ९.०२

ऑनलाईनचा विचार करत असाल तर माझा अनुभव लिहितो, कंपनीचं नाव घेत नाही. ‘शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर परत’ म्हणून घेतली. गुंडाळून खोक्यात आली, फुगायला दोन दिवस, वास आठवडाभर. माझ्या आईला ती फार मऊ झाली, चाळिसाव्या रात्री परत न्या म्हटलं. मग कळलं की आमच्या पिनकोडवर डिलिव्हरी आहे पण परत न्यायची सोय नाही, तुम्हीच कुठल्या संस्थेला दान करा आणि पावतीचा फोटो पाठवा. वाळपईच्या आत असं कोण घेणार वापरलेली गादी? महिनाभर फोन केले. शेवटी पैसे मिळाले पण अर्धे, आणि आई तोवर सोफ्यावर झोपली, ते जास्त लागलं मनाला.

म्हणून आधी विचारा, आणि ईमेलवर विचारा म्हणजे लेखी राहतं : माझ्या पिनकोडवरून उचलणार का, पैसे पूर्ण का कापून. वॉरंटीचंही वाचा. खड्डा किती खोल झाला तर मान्य, हे आकड्यात लिहिलेलं असतं, अनेकांचं एक इंच किंवा त्याच्या आसपास, तेही वर कोणी झोपलेलं नसताना मोजून. बुरशी आणि डाग असेल तर बहुतेक जण वॉरंटी मानतच नाहीत. खाली सलग सपाट आधार हवा की पट्ट्या चालतील हेही त्यात असतं, ते पट्ट्या करायच्या आधी बघा.

अबोली | १३ मे, रात्री ९.४०

वाईट वाटलं वाचून. आई आता कशावर झोपतात?

म्हादईचें_पाणी | १३ मे, रात्री ९.५८

काथ्याची चार इंच, वर पातळ कापसाची. तिची तिने निवडली, दुकानात जाऊन, आडवी पडून. म्हणाली आता कंबर सापडली.

तिळारी | १४ मे, सकाळी ८.१४

धाग्याच्या विषयाला थोडं सोडून पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. सासूबाई पडल्यापासून अंथरुणालाच आहेत. आम्ही सुरुवातीला चांगली जाड मऊ गादी आणली, पंधरा दिवसांत माकडहाडावर लाल चट्टा. नर्स आली तिने सांगितलं, कितीही चांगली गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलली पाहिजे, आणि पंपाची एअर मॅट्रेस घ्या, तिच्यातल्या हवेच्या पट्ट्या आलटून पालटून फुगतात म्हणजे दाब एकाच जागी राहत नाही. ती नेहमीच्या गादीवर अंथरायची, मेडिकल सप्लायच्या दुकानात मिळते. वर एकच पातळ चादर, चार घड्या करून घातल्या की तिचा उपयोग जातो. वीज गेली की पंप बंद, आमच्याकडे पावसात वीज जातेच, म्हणून इन्व्हर्टरवर जोडलाय. चट्टा महिन्याभरात गेला. कूस बदलायला मी आणि दीर पाळी लावतो, रात्री दोनची माझी.

फिजिओ_पर्वरी | १४ मे, सकाळी ९.००

तिळारी ताई, तुम्ही दोघं जे करताय ते फार मोठं आहे. टाचाही बघत जा, पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवल्या तर तिथे चट्टे पडत नाहीत.

वाळवंटीकाठ | १९ मे, रात्री ९.२०

मंडळी, अपडेट. रविवारी दोघं गेलो, तीन दुकानं केली. उश्या घेऊन गेलो होतो, पहिल्या दुकानात सगळे बघत होते पण आम्ही पडलोच पंधरा-पंधरा मिनिटं. तिथली सहा इंची तयार गादी, ७२ बाय ६० ची, ‘४० डेन्सिटी आहे मॅडम’, मी म्हटलं वजन करा. तो म्हणाला असं कोणी करत नाही. मग शेजारच्या नारळवाल्याचा मोठा काटा मागून आणला मिस्टरांनी, खोळीसकट १४ किलो भरली. गादीवाला दादा, तुमच्या हिशोबाने खोळ वजा करून २९ च्या आसपास येते. किंमत ४० ची लावलेली. मी भांडले नाही, पण बाहेर येऊन हात थरथरत होते, एवढी वर्षं आपण असेच विश्वासाने पैसे देत आलो.

तिसऱ्या दुकानात माणूस चांगला मिळाला, वयस्कर, स्वतःच म्हणाला थर सुटे बघा, बोटाने दाबा, काट्यावर ठेवा. चार इंच फोम आमच्या मापाचा सव्वाअकरा किलो भरला पाहिजे, तो अकरा भरला, दोन इंच लॅटेक्सही अकराच्या वर. खोळ कॉटनची, चेनची, काढून धुता येणारी. सगळं धरून २१,५०० पडले, बिलावर थर आणि डेन्सिटी लिहून घेतली. वर पाणी न शिरणारा पण हवा जाणारा प्रोटेक्टर घेतला, प्लॅस्टिकसारखा चुरचुरणारा नाही.

जुनी गादी टाकून दिली. ब्रश मारून उन्हात घालून बघू म्हणत होते सासरे, पण ठिपके आतपर्यंत गेले होते, कापून बघितलं.

गादीवाला_फोंडा | १९ मे, रात्री १०.०५

वाचून बरं वाटलं. पाव किलोचा फरक चालतो, फोम तेवढा इकडेतिकडे होतोच. आता दर तीन महिन्यांनी डोकं-पाय बदला, म्हणजे मिस्टरांची जागा तीच ती राहणार नाही. लॅटेक्स वरच राहू दे, उलटायची नाही, फिरवायची.

चिरेबंदी | १९ मे, रात्री १०.११

आणि पट्ट्या?

वाळवंटीकाठ | २० मे, सकाळी ७.१५

मेस्त बुधवारी येतोय. तोवर गादी हॉलमध्ये उभी आहे, आम्ही चटईवर.

वाळवंटीकाठ | १४ सप्टेंबर, दुपारी ३.४०

धागा वर काढते, चार महिने झाले आणि मध्ये अख्खा पाऊस गेला, चवथही झाली, घरात सतरा माणसं होती, सगळ्या खोल्यांत गाद्याच गाद्या.

आज प्रोटेक्टर काढून, चेन उघडून दोन्ही थर उचलून खालून बघितलं. कोरडं. एक ठिपका नाही, वास नाही. पट्ट्यांवर हात फिरवला, त्याही कोरड्या. पलंग भिंतीपासून सहा इंच ओढलाय, ती भिंत जुलैत नेहमीसारखीच ओली होती पण पलंगापर्यंत काही आलं नाही. पावसाने उघडीप दिली की वरचा थर बाल्कांवात सावलीत दोन तास उभा करायचा, हे मुलीने अंगावर घेतलंय.

मिस्टरांची कंबर, खरं ते सांगते, पहिले दहा दिवस उलट जास्त दुखली, मी घाबरले होते. फिजिओ ताईंना मेसेज केला, त्यांनी धीर दिला आणि दोन व्यायाम दिले. तिसऱ्या आठवड्यापासून उतार. आता सकाळी पाच मिनिटांत सरळ होतात, गाडीत टॉवेल असतो आणि वाटेत चहाला थांबतात. पूर्ण गेली असं नाही. पण परवा माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) त्यांनी स्वतः शिडीवर चढून बांधली, गेल्या वर्षी खुर्चीत बसून दुसऱ्याला सांगत होते.

चवथीला आलेल्या आत्येसासूबाई दोन रात्री आमच्या पलंगावर झोपल्या आणि जाताना गादीचं माप विचारून गेल्या, त्यांच्याकडे पेडण्याला हाच त्रास. त्यांचा पलंग बॉक्सचा आहे, भोकं पाडायला सांगितलीत.

आता सासऱ्यांची खाट. त्यांना बसून उठायला खाट गुडघ्याच्या उंचीला पाहिजे, आत्ता चौदा इंच आहे, जास्त खाली जाते. गादी सहा इंच घेतली तर वीस होते. त्यांचं वजन ५४ किलोच आहे, एवढ्या हलक्या माणसाला खाली ४० चा फोम कडक होईल का, की ३२ पुरे? गादीवाला दादा असाल तर सांगा, मेस्त उद्या सकाळी येतोय.

गादीवाला_फोंडा | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६.२५

डेन्सिटी ४० च घ्या, पण मऊ जातीचा ४० मागा, मिळतो. वयस्कर माणूस दिवसाही बराच वेळ त्याच्यावर बसतो, कडेला, पाय सोडून, तिथे हलका फोम आधी बसतो. आणि उठताना कड दबली तर तोल जातो. मेस्ताला सांगा खाटेची कड गादीच्या बाहेर येऊ देऊ नकोस, मांडीला लागते. बाबांना दुकानात नेता आलं तर न्या, उंची त्यांना बसवूनच ठरवा, पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत.

वाळवंटीकाठ | १४ सप्टेंबर, सायंकाळी ६.५०

नेते. ते तयार आहेत, पांढरा शर्ट काढून ठेवलाय आत्ताच.